शांततेवर सगुणाबाई

तीर्थपुरीच्या जिनिंगमध्ये मच्छिंद्र वजनकाट्यावर होता. कापसाच्या गाड्या काट्यावर चढायच्या, तो आकडा सांगायचा, गाड्या उतरायच्या. मागच्या शेडमध्ये सरकी काढणाऱ्या रेच्यांचा घर्रघर्राट दिवसभर चालू असे. बाकीच्यांचं त्या आवाजानं डोकं उठायचं. मच्छिंद्रला मात्र त्यात एक जाड सूर ऐकू येई आणि तो टेबलावर बोटं आपटत त्याला साथ देत बसे. त्याची बायको बेबीनंदा म्हणायची, ह्या माणसाला बारीक आवाज ऐकूच येत नाही. मला दोनदा हाक मारावी लागते, पण दोन वावरं ओलांडून चाललेला ट्रॅक्टर कुणाचा ते हा बरोबर सांगतो.

१९९४ च्या दिवाळीनंतर गावात 'गोदातरंग ऑर्केस्ट्रा' निघाला. काढणारा काकासाहेब. त्याचा मंडप-लाउडस्पीकरचा धंदा होता, गळाही बरा होता, आणि दुसऱ्याच्या कार्यक्रमाला आपण नुसत्या खुर्च्या पुरवायच्या याचा त्याला कंटाळा आला होता. जालन्यात एक जुना ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा त्यानं त्यांचं सगळं सामान एकगठ्ठा उचलून आणलं. त्यात ड्रम होते, पेटीसारखा एक कीबोर्ड होता, आणि ट्रंकेच्या तळाशी जुन्या पडद्यात गुंडाळलेली एक चार तारांची गिटार होती. तिच्या दोन तारा तुटल्या असाव्यात असं काकासाहेबाला वाटलं. मच्छिंद्र तेव्हा सामान उतरवू लागायला आला होता. त्यानं सगळ्यात जाड तार अंगठ्यानं ओढली, कान लाकडाला लावला आणि ही मला द्या म्हणाला. ती बेस गिटार आहे, तिला चारच तारा असतात, हे त्याला महिन्याभरानं जालन्याच्या एका वादकाकडून कळलं. तोवर त्याला निम्मी गाणी वाजवता येत होती.

अडचण एकच होती. बेसची पिन अॅम्प्लिफायरला जोडली की घूं असा एक आवाज सुरू व्हायचा. वाजवा नाहीतर वाजवू नका, तो चालूच. गाणं जोरात असलं तर त्याखाली दबून जायचा. गाणं संपलं की एकटाच उरायचा.

पहिलं वर्ष काकासाहेबानं तिकडे लक्ष दिलं नाही. लाउडस्पीकर म्हटलं की थोडं घूं असतंच, असा त्याचा वीस वर्षांचा अनुभव. पण पिंपळगावच्या एका लग्नात भर दुपारी पंगत बसलेली असताना दोन गाण्यांच्या मध्ये जरा वेळ गेला. काकासाहेब पाणी प्यायला खाली उतरला होता. बॉक्समधून एकटा बेसचा आवाज मंडपभर पसरला. पंगतीतल्या एका म्हाताऱ्यानं हातातला घास तसाच धरून मान वर केली आणि शांतपणे म्हणाला, "आग्या मोहोळ उठलं."

पुढचं मिनिटभर मंडपात काय चाललं ते कुणालाच धड सांगता आलं नाही. माणसं सतरंज्यांखाली शिरली. नवरदेवानं अंतरपाट ओढून डोक्यावर घेतला. वरबाप पाण्याच्या हौदात उतरला आणि नाकापर्यंत आत बसला. नवरी एकटी जागेवर होती, कारण शालूच्या वजनानं तिला उठता आलं नाही. मच्छिंद्रही गळ्यात बेस घेऊन खुर्चीखाली गेला होता. अर्ध्या तासानं लोक बाहेर आले तेव्हा कुणालाही एक माशी चावलेली नव्हती. वधूपित्याची पुण्याई थोर, असं सगळ्यांनी ठरवलं आणि काकासाहेबानं माइकवरून त्याला दुजोरा दिला. पण परतताना टेम्पोत तो मच्छिंद्रला एवढंच म्हणाला, की पुढच्या लग्नाच्या आत एक तर हा आवाज गेला पाहिजे, नाहीतर बेस.

मच्छिंद्र दुसऱ्या दिवशीपासून कामाला लागला. त्यानं वायर बदलली. आवाज राहिला. वायर लांब असेल म्हणून तोडून हातभर केली. आता त्याला अॅम्प्लिफायरला चिकटून उभं राहावं लागे, आणि आवाज राहिला. बटणं उघडून पेट्रोलनं धुतली, चारही तारा काढून नव्या चढवल्या. ट्यूबलाइटमुळं असा आवाज येतो असं कुणी सांगितलं म्हणून घरातली ट्यूब बंद केली, मग शेजारच्या कांताबाईची, मग अख्ख्या गल्लीची. अंधारात आवाज अधिकच मोठा वाटला. पिठाच्या गिरणीवर संशय घेऊन त्यानं गिरणीवाल्याला तासभर गिरणी बंद ठेवायला लावली आणि तेवढ्यात दळणं घेऊन आलेल्या बायकांची बोलणी खाल्ली. आवाज आपल्या जागी होता.

एका दुपारी वैतागून तो बेस गळ्यात घेऊन जागच्या जागी फिरला तेव्हा आवाज एकदम कमी झाला. आणखी फिरला, परत वाढला. मागे आला, पुन्हा कमी. म्हणजे आवाजाला दिशा होती. काकासाहेबाला हे फार पटलं. फक्त ती दिशा प्रत्येक गावात वेगळी निघायची. त्यामुळं कार्यक्रमाआधी मच्छिंद्र स्टेजच्या मधोमध उभा राही आणि हळूहळू स्वतःभोवती फिरे. काकासाहेब कान देऊन बसे आणि बास म्हटलं की मच्छिंद्र तिथं थांबे. घनसावंगीत त्यानं सगळा कार्यक्रम ड्रमवाल्याच्या तोंडाकडे बघत वाजवला. एका गावात दिशा अशी निघाली, की त्याला तीन तास प्रेक्षकांकडे पाठ करून उभं राहावं लागलं. ह्या माणसाला लोकांसमोर तोंड दाखवायला बंदी आहे, अशी तिथल्या बायकांत चर्चा झाली. आणि एवढं करूनही आवाज कमी व्हायचा, जायचा नाही.

९६ च्या माघात बेबीनंदा हातपंपापाशी घसरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. घरचं बघायला जांब समर्थहून तिची आई आली. तिचं नाव सगुणाबाई. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, बोलायला कमी आणि कामाला वाघ. जावयाच्या घरी राहायचं तर रीत पाळलीच पाहिजे, अशी तिची समज होती. मच्छिंद्र समोर आला की डोक्यावरचा पदर पुढं येई. त्याच्याशी ती थेट बोलत नसे. काही सांगायचं असलं तर लेकीला सांगायची, लेक नवऱ्याला सांगायची, तो तिथंच दोन हातांवर बसलेला असला तरी. तो ज्या सतरंजीवर किंवा बाजेवर बसे तिथं ती कधी टेकत नसे. सतरंजी संपून जमीन सुरू होते तिथं बसायची.

रविवारी दुपारी ऑर्केस्ट्राची तालीम मच्छिंद्रच्या ओसरीवर असे. ओसरी मातीची, वर सतरंजी अंथरलेली. त्या दिवशी चहासाठी सगळे थांबले होते आणि बेस बाजेला टेकवून ठेवली होती, चालूच, घूं करत. सगुणाबाई हातपंपावरून भरली घागर कमरेवर घेऊन आली. ओल्या पावलांनी ती सतरंजीच्या कडेकडेनं जात असतानाच बेस बाजेवरून घसरली. सगुणाबाईनं मोकळ्या हातानं ती वरच्यावर धरली. हात पडला तो नेमका खालच्या टोकाला, पिन जिथं आत जाते तिथल्या लोखंडावर.

आवाज थांबला.

काय झालं ते आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. लाइट गेली असं वाटून काकासाहेबानं वर पाहिलं. पंखा फिरत होता. सगुणाबाईनं बेस बाजेवर नीट ठेवली. घूं सुरू झाला.

"मामी," मच्छिंद्र म्हणाला, "पुन्यांदा धरा बरं."

जावयानं थेट सांगितल्यावर सगुणाबाई गोंधळली. तिनं लेकीकडे पाहिलं. बेबीनंदानं मान हलवली. तिनं एका बोटानं पिन धरली आणि ओसरीवर पुन्हा सामसूम झाली. मच्छिंद्रनं तिच्या हातातल्या बेसची जाड तार हलकेच छेडली. तो सूर निघाला आणि त्याच्या आजूबाजूला काहीच नव्हतं. सव्वा वर्षात त्यानं आपलं वाजवणं असं एकटं कधी ऐकलं नव्हतं. त्याला भरून आलं, आणि सासूसमोर ते दिसू नये म्हणून तो वायर बघायला खाली वाकला.

मग सगळ्यांनी करून पाहिलं. काकासाहेबानं पिन धरली, आवाज तसाच. ड्रमवाल्यानं धरली, मच्छिंद्रनं दोन्ही हातांनी धरली. चपला घालून उभ्या असलेल्या बेबीनंदानं चांगल्या हातानं धरली, म्हटलं रक्ताचं नातं आहे. कांताबाईला भिंतीवरून बोलावून सतरंजीवर बसवलं आणि धरायला लावलं. काही नाही. सगुणाबाईनं धरली की शांत. दहा वेळा पाहिलं, दहाही वेळा तेच.

काकासाहेबानं त्याच दिवशी बेबीनंदामार्फत विनंती घातली, की कार्यक्रमाला सोबत यावं. सगुणाबाईनं आधी साफ नाही म्हटलं. आयुष्यात ती कार्यक्रमाच्या मांडवात बायकांसाठी बांधलेल्या दोराच्या पुढं गेली नव्हती. जांबेच्या उत्सवातसुद्धा ती खांबामागं बसायची. पण त्या रात्री जेवताना जावई दोनच भाकरी खाऊन उठला, हे तिनं पाहिलं. सकाळी तिनं लेकीला आपल्या अटी सांगितल्या. जिथं जावई उभा राहील त्या स्टेजवर ती चढणार नाही. सतरंजीवर बसणार नाही, खाली जमिनीवर बसेल. तोंड जावयाकडे करणार नाही. आणि टेम्पोतून उतरल्यावर पाय धुवायला तांब्याभर पाणी पाहिजे, धुळीच्या पायानं ती चार लोकांत बसत नाही.

स्टेजवर नाही म्हटल्यावर तिच्यापर्यंत पिन कशी पोचवायची हा प्रश्न उरला. काकासाहेबानं जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढली, एक टोक पिनेला गुंडाळलं आणि बारा हात लांब तार स्टेजवरून खाली सोडली. सगुणाबाईनं दुसरं टोक चांदीच्या अंगठीशेजारी बोटाला गुंडाळून घेतलं. तिला सांगितलं होतं की काही होत नाही. तिनं लेकीला सांगितलं की बोटापासून कोपरापर्यंत मुंग्या येतात, पण बऱ्या वाटतात, दहा वर्षांचा दंडाचा ठणका कमी झालाय. काकासाहेबाला हे माइकवरून जाहीर करायचं होतं. मच्छिंद्रनं त्याला आवरलं.

पहिल्या कार्यक्रमाला लोकांना काही कळेना. स्टेजवर एक माणूस गिटार वाजवतोय, गिटारीतून एक तार खाली आलीय आणि खाली एक म्हातारी त्याच्याकडे पाठ करून, पदर घेऊन, म्हशीचा कासरा धरावा तशी ती तार धरून बसलीय. मध्यंतरात कलाकारांची ओळख करून द्यायची वेळ आली. काकासाहेबानं ड्रमवाल्याचं नाव घेतलं, कीबोर्डवाल्याचं घेतलं, बेसवर मच्छिंद्र म्हणाला. मग खाली बघून क्षणभर अडला. ह्या काय वाजवतात म्हणून सांगायचं ते त्याला सुचेना.

"आणि शांततेवर," तो म्हणाला, "सगुणाबाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगुणाबाईनं पदर आणखी पुढं ओढला, पण तार सोडली नाही.

फाल्गुनापासून लग्नं लागली आणि गोदातरंगचं नाव झालं. लोक खास ऐकायला यायचे, ते गाण्यांइतकंच गाण्यांमधली जागा ऐकायला. ज्यांच्या गावात दिवसभर कुठं ना कुठं मोटार, गिरणी, लाउडस्पीकर चालू असतो त्यांना एवढे मोठे बॉक्स समोर असूनही काहीच ऐकू येत नाही याचं नवल वाटे. एका पाटलानं तर मुलाच्या साखरपुड्याला सांगितलं, की गाणी दोन कमी म्हणा पण शांतता जरा जास्त ठेवा. काकासाहेबानं नवी पोस्टरं छापली, त्यावर सगुणाबाईचं नाव मच्छिंद्रच्या वर होतं. ती हळूहळू सरावली. तिच्या स्वतःच्या पितळी तांब्याची जागा टेम्पोत ठरली. मच्छिंद्र पुढं ड्रायव्हरजवळ बसे, ती मागं ड्रमपाशी.

मग एके दिवशी बदनापूरच्या कार्यक्रमात काकासाहेबानं एक चावट गाणं घेतलं आणि पहिल्याच कडव्यात घूं सुरू झाला. मच्छिंद्रनं खाली पाहिलं. तार सगुणाबाईच्या मांडीवर पडली होती आणि ती बोट चोळत होती. गाणं संपल्यावर तिनं ती परत गुंडाळली. काकासाहेबानं मुंग्यांनी बोट दुखलं असेल असं समजून घेतलं. पण पुढच्या गावात त्याच गाण्याला त्याच ठिकाणी तेच झालं. नंतर दारूवरच्या एका गाण्याला झालं. काकासाहेब आपल्या मनाचा राजा होता, कुणाच्या सांगण्यावरून त्यानं कधी गाणं बदललं नव्हतं. आता तो कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मच्छिंद्रच्या दारात येऊन गाण्यांची यादी बेबीनंदाला वाचून दाखवू लागला, जरा मोठ्यानं, आत चुलीपर्यंत जाईल अशी. आत भांडं आपटलं की ते नाव खोडायचा.

चैत्रात रांजणीचा कार्यक्रम होता. त्यात मच्छिंद्रला पहिल्यांदाच एकट्यानं वाजवायचा तुकडा मिळाला होता. बाकीचे सगळे थांबणार आणि तो चार तारांवर मिनिटभर वाजवणार. त्यासाठी त्यानं महिनाभर घाम गाळला होता. तुकडा सुरू झाला आणि घूं आला. त्यानं खाली पाहिलं. सगुणाबाई दोन्ही हातांनी पदर नीट करत होती. तुकडा संपला, तिनं तार उचलली. ड्रमवाल्याच्या तुकड्याला शांतता होती. कीबोर्डवाल्याच्याही. दुसऱ्या गाण्यात मच्छिंद्रची पाळी आली, तार मांडीवर. तिसऱ्यांदा तो स्टेजच्या कडेला येऊन वाकला आणि हळूच म्हणाला, "मामी, तार." सगुणाबाई समोर बघत राहिली. गाण्यात काही वाईट नव्हतं. मुळात त्याच्या तुकड्यात शब्दच नव्हते.

सकाळी त्यानं बेबीनंदाला विचारलं, माझ्या वाजवण्यात तुझ्या आईला काय खटकलं. बेबीनंदा डाव्या हातानं पीठ चाळत होती.

"वाजवण्यात न्हाई," ती म्हणाली. "अंबडच्या कागदाची तारीख शुक्रवारी सरून राह्यली. आईला तो गादीखाली सापडला. बोलायची तर तिला सोय न्हाई."

कागद अंगणवाडी सेविकेच्या प्रशिक्षणाचा होता. दोन महिने अंबडला राहायचं, परत आल्यावर गावातल्या अंगणवाडीत नेमणूक. बेबीनंदा दहावी झालेली. त्यावर घरच्यांच्या संमतीची सही लागत होती. तो हिवाळ्यातच आला होता आणि बघू म्हणून मच्छिंद्रनं गादीखाली सारला होता. त्यानं नाही असं कधी म्हटलं नव्हतं, त्यामुळं आपण अडवतोय हे त्याला खरोखर कळलं नव्हतं. तो गादीवर बसून बराच वेळ तो कागद वाचत राहिला. आपल्याला दोनदा हाक मारावी लागते हे ती चारचौघांत हसून सांगायची, ते आठवून त्याला लाज वाटली. त्यानं सही केली. शुक्रवारची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी काट्यावरून सुटी काढून अंबडला गेला आणि कागद स्वतः देऊन आला. सासूला त्यानं काही सांगितलं नाही. पुढच्या कार्यक्रमात त्याच्या तुकड्याला एवढी शांतता होती, की मागच्या रांगेतल्या माणसानं घड्याळाला चावी दिलेली स्टेजवर ऐकू आली.

वैशाखात अंबडला मोठा कार्यक्रम ठरला. प्रेक्षकांत भालचंद्र जोशी नावाचे एक गृहस्थ होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, तीस वर्षं तारा जोडण्यात आणि तोडण्यात गेलेली. त्यांना गाण्याची फारशी आवड नव्हती, पण त्यांच्या पत्नी सुहासिनीबाईंना होती. पहिल्या रांगेत बसल्यावर त्यांनी स्टेजवरून आलेली तार पाहिली, ती कुठं जाते ते पाहिलं, आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. उठून ते स्टेजच्या पायरीशी उभ्या असलेल्या काकासाहेबाकडे गेले आणि ह्या बाई काय धरून बसल्या आहेत असं त्यांनी विचारलं.

"शांततेवर हायेत त्या," काकासाहेबानं सांगितलं.

जोशी तडक वळले. ते मंडपाच्या कोपऱ्यातल्या मेन स्विचपाशी गेले आणि गाणं ऐन रंगात असताना त्यांनी तो ओढला. दिवे गेले, आवाज गेला. लोक ओरडू लागले. जोशींनी टॉर्च लावला, सगुणाबाईच्या बोटातून तार स्वतः सोडवली आणि मग मच्छिंद्रला, काकासाहेबाला अॅम्प्लिफायरपाशी बोलावलं.

थ्री-पिनचा वरचा जाड पाय तुटलेला होता. बोर्डात बसत नाही म्हणून काकासाहेबानंच तो कधीतरी पकडीनं तोडला होता. अॅम्प्लिफायरच्या पत्र्यात करंट थोडा थोडा झिरपत होता आणि त्याला जमिनीत जायला वाट नव्हती. बेसच्या आतही तारा टेकतात त्या पुलाखालची एक बारीक वायर शिशाच्या डाकापासून सुटून लोंबत होती. आवाज तिथून येत होता. सगुणाबाई धरायची तेव्हा करंटला तिच्यातून जमिनीत जायला वाट सापडायची.

"पण मंग आमी धरल्यावर कामून न्हाई?" मच्छिंद्रनं विचारलं.

जोशींनी सगुणाबाईच्या पायांकडे टॉर्च वळवला. अनवाणी, धुतलेले, ओले, उघड्या जमिनीवर. त्यांनी विचारलं, की तुम्ही धरलंत तेव्हा कुठं होता. मच्छिंद्रनं आठवून सांगितलं, सतरंजीवर. कांताबाई? सतरंजीवर. बेबीनंदाच्या पायात रबरी चपला.

"अहो, तुम्ही माणसाचं अर्थिंग केलंत," जोशी म्हणाले. "ह्या पेटीत आतली आणखी एक वायर सुटली असती ना, तर ह्या बाई जागच्या उठल्या नसत्या. मुंग्या येतात म्हणे. मुंग्या कसल्या, तो निरोप होता."

मच्छिंद्र खाली बसला. तीन महिने आपण सासूला काय धरायला लावत होतो हे त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला आणि शिरल्यावर तो स्टेजवरून खाली उतरला. त्यानं सगुणाबाईच्या पायाला हात लावला. मंडपातल्या लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं जोशी तीर्थपुरीला आले, पिशवीत डाक लावायची इस्त्री, नवी थ्री-पिन आणि मिठाईच्या खोक्यातला चंदेरी कागद घेऊन. बेस उघडून त्यांनी सुटलेली वायर डाकली आणि आतल्या पोकळीला चारी बाजूंनी कागद चिकटवला. ओसरीपुढं हातोड्यानं तीन फूट लोखंडी सळई ठोकली, तिच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतलं आणि अॅम्प्लिफायरची अर्थिंगची वायर तिला बांधली. प्रत्येक कार्यक्रमाच्या जागी आधी ही सळई ठोकायची, असं त्यांनी काकासाहेबाकडून तीनदा वदवून घेतलं. मग चालू केलं. आवाज नव्हता. मच्छिंद्र बेस घेऊन स्वतःभोवती फिरला. एका ठिकाणी अगदी पुसट काही आलं, पण तेवढं तर घराच्या कौलांतूनही येतं.

सगुणाबाई हे सगळं चौकटीशी उभी राहून बघत होती. जोशी तिला समजावून सांगायला गेले, की आता तिचं काम ही सळई करेल. तिनं सळईकडे बोट केलं.

"कोणतं गाणं चालू हाय, ते तिला कळतं का?" तिनं विचारलं.

जोशींनी प्रश्न गंभीरपणे घेतला. "नाही," ते म्हणाले. "तिला सगळी सारखीच."

"मंग बराबर हाय," सगुणाबाई म्हणाली आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेली.

काकासाहेबाचं मात्र अवघड झालं. पुढच्या कार्यक्रमात आवाजाचा मागमूस नव्हता, तरी मध्यंतरात लोक सगुणाबाई कुठं आहेत म्हणून विचारू लागले. पोस्टरवर नाव होतं. काकासाहेबानं सळई दाखवून सगळं समजावलं, लोकांना ते पटलं नाही. शेवटी त्यानं सगुणाबाईला गळ घातली, की नुसती कुठंच न जोडलेली तार धरून बसा. तिनं लेकीमार्फत कळवलं, की ती खोट्या कामाला बसत नाही. मग काकासाहेबानं आपल्या स्वतःच्या सासूला, गिरिजाबाईला, सुकी तार देऊन बसवलं. गिरिजाबाई हौसेनं बसायची, लोकांकडे तोंड करून, चांगल्या लुगड्यात, सतरंजीवर. लोकांनी दोन कार्यक्रम ऐकले आणि आपसात म्हणाले, की बाई चांगली आहे पण शांतता पहिल्यासारखी राहिली नाही. त्या मोसमानंतर काकासाहेबानं पोस्टरवरचं ते नावच काढून टाकलं.

जूनमध्ये बेबीनंदा अंबडच्या प्रशिक्षणाला गेली. हात बरा झाला होता, लेक आपल्या कामाला लागली होती, जावयाच्या घरी आता राहण्याचं कारण उरलं नाही म्हणून सगुणाबाईनं आपलं गाठोडं बांधलं. मच्छिंद्र तिला सोडायला स्टँडवर आला. दोघांमध्ये निरोप सांगायला बेबीनंदा नव्हती. ती जमिनीवर गाठोड्याशेजारी बसली. तोही मग खाली, उघड्या जमिनीवर बसला. ती थोडी सरकली, पण उठली नाही.

एसटी लांबून वळताना दिसली तेव्हा सगुणाबाईनं पदर सारखा केला.

"जावईबापू," ती समोर बघत म्हणाली, "ते तुमचं एकट्याचं वाजवायचं हाय ना. त्यात शेवटाला तुमी घाई करून राह्यले. बोटाला कळायचं मला. तिथं जरा दम धरत जा."

"हौ मामी," मच्छिंद्र म्हणाला.

गाडी थांबली. त्यानं गाठोडं वर दिलं, खिडकीजवळची जागा धरून दिली आणि खाली उतरला. गाडी गेल्यावर तो तसाच काट्यावर गेला. मागं रेचे चालू होते. दुपारपर्यंत त्यानं टेबलावर तो तुकडा बोटांनी सात-आठ वेळा वाजवून पाहिला, आणि प्रत्येक वेळी शेवटच्या चार सुरांआधी थांबून एक गाडी जाऊ दिली.